यंत्राचा ठेका, माणसाची उपज

मुंबईहून पणजीला जाणारी बोट रत्नागिरीनंतर विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. वाघोटण खाडीच्या तोंडाशी, विजयदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला ती थांबली की गावचे चाकरमानी उतरायचे. परतीच्या फेरीला मुंबईकडे निघालेले चढायचे. गिरणगावाच्या आठवणींत या बोटी पुष्कळ येतात. त्याच बोटींतून गोव्याचे वादकही मुंबईला जात होते, कुणाच्या काखेत व्हायोलिनची पेटी, कुणाकडे ट्रंपेट. मराठीत त्यांच्याबद्दल अजून पुष्कळ लिहायला हवं. जॅझ आणि विजेवर चालणारी वाद्यं यांची आपल्याकडे सांगड कशी पडली हे समजून घ्यायचं, तर आरंभ या वादकांपासून करावा लागतो.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत आणि लहानपणीच व्हायोलिन हातात देत. त्यामुळे कागदावरचं संगीत बघताक्षणी वाजवणारी माणसं हवी असली की हॉटेलवाले आणि पुढे सिनेमावाले गोवेकरांना बोलावत. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचे ताफे येऊ लागले. लिऑन ॲबीचा ताफा १९३५ साली आला, मग टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक आला. त्यांना ऐकून गोव्याच्या पोरांना कळलं की कागद बाजूला ठेवूनही वाजवता येतं. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला आणि मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतातही त्याचा हात होता. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदासाठी स्वरलेखन आणि संयोजन करत. या पिढीतल्या पुष्कळांचं आयुष्य दोन पाळ्यांत विभागलेलं होतं. दिवसा स्टुडिओत समोरच्या कागदावर असेल तेवढंच वाजवायचं आणि रात्री हॉटेलच्या मंचावर कागदाबाहेरचं.

१९६८ साली या दोन पाळ्या एका तबकडीवर एकत्र आल्या. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाईल’ ही ती तबकडी. उस्ताद रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रंपेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम, अनिबाल कास्ट्रो आणि दिलीप नाईक यांच्या गिटारी. अकरा राग, प्रत्येक काही मिनिटांचा. आज ऐकताना तिच्यातली घाई जाणवते. रागाला पाय रोवायला वेळ मिळत नाही. तरी मला ही तबकडी फार मोलाची वाटते, कारण दोन्ही बाजूंचे वादक एकमेकांना ऐकत वाजवताहेत हे तिच्यात स्वच्छ कळतं.

उपज म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे. जॅझमध्ये बारा किंवा बत्तीस मापांचा साचा ठरलेला असतो, त्यातल्या कॉर्डचा क्रम ठरलेला असतो, आणि तो साचा फिरत असताना वादक त्यावर नवी धून रचत जातो. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आवर्तन फिरतंय आणि गवई समेवर यायची वाट शोधतोय, हे त्याच्या कानाच्या अंगवळणी पडलेलं असतं. फरक आहे तो खालच्या आधारात. आपल्याकडे तानपुरा एकाच षड्जावर बोलत राहतो. जॅझमध्ये माप-दोन मापांनी कॉर्ड बदलते, म्हणून वादकाचं एक लक्ष कायम पुढच्या वळणावर असतं. शिवाय मागचे ड्रमवाले आणि बासवाले नुसते साथ देऊन थांबत नाहीत. ते उत्तर देतात, चिमटा काढतात, कधी मुद्दाम गप्प बसतात.

मग यात यंत्र आलं तर काय होईल? यंत्राला ऐकू येत नाही. या प्रकरणातला सगळा पेच एवढ्याच गोष्टीत आहे.

मुंबईतल्या ज्या माणसाने या पेचाला पहिल्यांदा हात घातला, तो ना जॅझचा नामांकित वादक होता ना शास्त्रीय संगीताचा. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बास गिटार आणि इतर विजेची वाद्यं वाजवत. १९८२ साली त्यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि साथीला रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं. टीआर-८०८ हे तालाचं, टीबी-३०३ हे बासचं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. पैकी पहिली दोन आपापलं चक्र फिरवत राहत, आणि ज्युपिटरच्या पट्ट्यांवर सिंग हाताने राग वाजवत.

टीआर-८०८ जवळून बघण्यासारखं आहे. त्याच्या खालच्या कडेला ओळीने सोळा बटणं आहेत. पहिली चार लाल, मग चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. प्रत्येक बटण म्हणजे चक्रातली एक पायरी. ज्या पायरीवर ठोका हवा तिथलं बटण दाबायचं, दिवा लागतो, आणि चक्र तिथून फिरताना दर वेळी तो ठोका पडतो. जपानी अभियंत्यांनी पाश्चात्त्य चार ठोक्यांच्या मापाचे सोळा भाग केले होते. पण तबला शिकलेल्या कुणालाही ही रंगीत ओळ बघून तीनतालच आठवेल, चार-चार मात्रांचे चार विभाग. लाल रंगाचं पहिलं बटण ही सम, पिवळ्याचं पहिलं म्हणजे नववं, ही खाली. समेला खर्जाचा ड्रम लावायचा, पिवळ्या विभागात तो काढून वरचे पातळ आवाज ठेवायचे. खालीला बायाँ गप्प होतो तसं. रूपक हवा असेल तर चक्र चौदा पायऱ्यांवर तोडायचं आणि दोन पायऱ्यांची एक मात्रा धरायची. हे सगळं त्या यंत्रात शक्य होतं. सिंगांनी ते केलं नाही. त्यांनी सरळ डिस्कोचा ठोका लावला, कारण त्या वर्षांत नाचायला तोच लागत होता.

टीबी-३०३ची गोष्ट आणखी वेगळी. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. त्यात सूर भरायचे एका फेरीत आणि त्यांची लांबी दुसऱ्या फेरीत, त्यामुळे ते वापरायला किचकट होतं आणि त्याचा आवाज खऱ्या बाससारखा मुळीच नव्हता. खप झाला नाही, १९८४च्या सुमारास कंपनीने उत्पादन बंद केलं. पण त्यात एक सोय होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची खूण प्रत्येक पायरीला वेगळी लावता येत असे. पाश्चात्त्य कानाला ती गंमत वाटली. राग वाजवणाऱ्याला तिच्यात मिंडेची सावली दिसणारच. पुढे शिकागोतल्या पोरांनी हीच यंत्रं जुन्या बाजारातून स्वस्तात उचलली आणि १९८७ साली फ्यूचर या त्रयीच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून ॲसिड हाऊस नावाचा नाचाचा प्रकार सुरू झाला. सिंगांची तबकडी त्याच्या पाच वर्षं आधीची. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणली तेव्हा युरोपातले डीजे थक्क झाले, आणि सत्तरी गाठलेल्या सिंगांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

ॲसिड हाऊस मुंबईत जन्मलं असं तेव्हा काही जणांनी लिहिलं. त्यात तथ्य नाही; शिकागोच्या पोरांना ही तबकडी ठाऊकच नव्हती. सिंगांचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. कॉर्डचा क्रम काढून टाकून एकाच सुरावर फिरत राहणारं यंत्र त्यांनी तानपुऱ्याच्या जागी बसवलं, आणि त्यावर हात मोकळा सोडला. उणीव इतकीच की वर काहीही घडलं तरी खालचं चक्र ढिम्म राहतं. तबलजी असता तर एखाद्या चांगल्या जागेला त्याने दाद दिली असती.

याला आपल्या परंपरेत एक उत्तर आधीच तयार होतं, ते म्हणजे लेहरा. एकल तबलावादनात पेटीवाला किंवा सारंगिया एकच छोटी धून, एका आवर्तनाची, तासभर वाजवत बसतो. त्याने त्यात काही भर घालायची नसते. तबलजी कायदा पसरतो, रेला धरतो, आडी-कुआडीत शिरतो, ऐकणाऱ्याची सम हरवते, आणि लेहरा मात्र जिथल्या तिथे असतो. तो जागचा हलत नाही म्हणूनच तबलजीला लांब जाता येतं. हे तत्त्व ज्यांच्या हाडीमांसी आहे त्यांना यंत्राच्या चक्राची अडचण वाटायचं कारण नाही. जॅझ आणि यंत्र यांच्यामध्ये आपल्याकडून जे उभे राहिले त्यांत तालवादक पुढे का, याचं माझ्या मते हेच कारण आहे.

त्यांतलं सर्वांत मोठं नाव त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, मुंबई. आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्याची राणी. माहेरच्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा. आजी मेनकाबाई शिरोडकर, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. म्हणजे गोवा, बेळगाव आणि कोल्हापूरच्या गायकीचा सगळा पट्टा या घरात होता. त्रिलोक तबला शिकले आणि त्याच वयात जॅझच्या तबकड्यांनी त्यांना ओढून नेलं. १९७०च्या दशकात ते युरोपात गेले आणि ट्रंपेटवादक डॉन चेरी यांच्यासारख्यांबरोबर वाजवू लागले.

त्यांची बैठक बघितली की त्यांचा विचार कळतो. ड्रम वाजवणारा स्टुलावर बसून पायाने मोठा ड्रम हाणतो. गुर्टू जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला झांजा आणि ड्रम, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजणारी झांज त्या पाण्यात हळूहळू बुडवली की तिचा सूर खाली वाकतो. सिंथेसायझरवर जे एक बटण फिरवून करतात, ते गुर्टू पाण्याने करतात. तोंडाने बोल म्हणतात, ते हातात उतरवतात, मोडतात.

१९८४ साली ओरेगॉन या जॅझसमूहातले कॉलिन वॉलकॉट अपघातात गेले आणि त्यांच्या जागी गुर्टू आले. हे वॉलकॉट माइल्स डेव्हिसच्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये (१९७२) सतार वाजवणारे. त्या तबकडीत बादल रॉय यांचा तबला आहे, विजेची वाद्यं आहेत, आणि सगळं एकाच ठेक्याभोवती घुमतं. डेव्हिसचे निर्माते टिओ मसेरो ध्वनिफीत ब्लेडने कापून, जोडून, तुकडे पुन्हा पुन्हा लावून संगीत रचत. वादकांनी मोकळेपणाने वाजवायचं आणि नंतर कात्रीने त्याला आकार द्यायचा, ही पद्धत आजच्या संगणकावरच्या संगीताची पणजी म्हणावी अशी आहे. तेव्हा जॅझच्या समीक्षकांनी ‘ऑन द कॉर्नर’वर झोड उठवली होती.

गुर्टूंची १९८८ची ‘उस्फ्रेत’ ही तबकडी माझ्या लेखी या साऱ्या गोष्टीचा मधला खांब आहे. तिच्यात डॉन चेरींचा ट्रंपेट आहे, एल. शंकर यांचं व्हायोलिन आहे, आणि शोभाताईंचा आवाज आहे. आईला मुलाने सजावटीपुरतं आणलेलं नाही. तिची आलापी चालते तिथे बाकीचे वाट बघतात, आणि ती सम घेते तिथे सगळे एकदम कोसळतात. लंडनमध्ये वाढलेल्या भारतीय वंशाच्या पोरांनी ती तबकडी कानात साठवली. तल्विन सिंग, नितीन साहनी यांच्या पिढीने पुढे जे केलं त्यात तिचा वाटा मोठा मानतात. २००४ साली गुर्टूंनी ‘चिल्ड्रन’ या धुनेने जगभर गाजलेल्या रॉबर्ट माइल्स यांच्याबरोबर ‘माइल्स_गुर्टू’ ही तबकडी केली, एका बाजूला यंत्राचा कारागीर आणि दुसऱ्या बाजूला उपजेचा. याच वर्षी शोभाताई गेल्या.

यंत्र आणि माणूस यांच्यातलं अंतर किती असतं, ते मोजताही येतं. जॅझच्या लयीत झोल असतो. दोन सारख्या भागांपैकी पहिला लांबतो, दुसरा आखडतो. त्याला स्विंग म्हणतात. टीआर-८०८ला हे येत नव्हतं, त्याचे सोळा भाग काटेकोर समान. पण त्याच सुमाराला अमेरिकेत रॉजर लिन यांनी आपल्या तालयंत्रात एक साधी युक्ती घातली: दर दुसरा ठोका थोडा उशिरा टाकायचा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीत अशा दोन भागांची जोडी २५० मिलिसेकंदांची असते. सरळ चालीत दुसरा ठोका १२५व्या मिलिसेकंदाला पडतो. तो १६५ला टाकला की चाल एकदम डुलायला लागते. फरक सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा, पण पुष्कळसं हिपहॉप आणि नाचाचं संगीत अशाच काही मिलिसेकंदांवर उभं आहे. खरा जॅझवादक मात्र हा झोल एकसारखा ठेवत नाही. विलंबित लयीत तो जास्त घेतो, द्रुतात जवळपास सरळ वाजवतो, आणि एकाच गाण्यात तो कमीजास्तही करतो. यंत्राला एकदा सांगितलं ते शेवटपर्यंत.

तबल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं की साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर असतात, पण तबल्या-मृदंगाच्या शाईमुळे ते सुरेल गणितात बसतात. म्हणूनच तबला सुरात लावता येतो. असं वाद्य यंत्रात भरायचं तर एकेका बोलाचा नमुना ध्वनिमुद्रित करून चालत नाही, कारण मनगटाच्या दाबाने बायाँचा सूर वाजत असतानाच चढतो-उतरतो. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या कर्ष काळे यांनी दुसरी वाट धरली. जन्म १९७४, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचचा. आडनाव मराठी वाचकाला घरचं वाटावं असं. ते ड्रमही वाजवतात आणि तबलाही. त्यांनी तबल्यालाच विजेची जोड दिली. बोल हाताने निघतो आणि मग प्रतिध्वनी, विरूपण, पुनरावृत्ती अशा यंत्रांतून जातो. गिटारवाल्यांनी आधी जे केलं होतं ते तबल्याला लागू केलं म्हणा. त्यांची ‘रियलाइझ’ २००१ची. त्याच्या आगेमागे झाकिर हुसेन, बिल लास्वेल, तल्विन सिंग, त्रिलोक गुर्टू आणि काळे ‘तबला बीट सायन्स’ या नावाने एकत्र आले. त्यातले लास्वेल हे हर्बी हॅनकॉक या जॅझ पियानोवादकाच्या १९८३च्या ‘रॉकिट’चे एक निर्माते. त्यात तबकडी घासून काढलेला आवाज जॅझवाल्याच्या हाताखाली जगभर पोचला होता.

आता विजयदुर्गच्या परिसराकडे, कारण ऐकणाऱ्या साथीचा सर्वांत कसलेला नमुना याच जिल्ह्यात आहे. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात दशावताराचे खेळ लागतात. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, संवाद उभ्या उभ्या जुळतात. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा नट, बोलता बोलता पदावर कधी येईल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. पेटीवाल्याला ते त्याच्या आवाजाच्या चढावरून कळतं. शेवटचं वाक्य संपायच्या आत सूर दिलेला असतो, आणि मृदंगवाल्याची थाप पावलाबरोबर पडते. देवगड-कणकवलीकडच्या डबलबारी भजनातही तेच. समोरच्या बुवाने टाकलेला प्रश्न ऐकून या बुवाने आपल्या बारीत गात उत्तर द्यायचं, आणि पखवाजवाल्याने तो कुठे वळतोय हे ओळखायचं. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी तर विजेचं वाद्य आणि ऑक्टोपॅड केव्हाच आपलासा केला आहे. तिथे वाजवणारे हात माणसाचेच असतात, फक्त आवाज यंत्रातून निघतो, म्हणून साथ ऐकती राहते.

चक्रच यंत्राकडे सोपवलं की गोष्ट बदलते. बर्लिनहून २००१ साली आलेल्या एबलटन लाईव्ह या प्रणालीने संगणक मंचावर आणला. ध्वनीचे तुकडे चौकोनांत मांडलेले असतात, हवा तो तुकडा हव्या त्या क्षणी सुरू करता येतो आणि तो आपोआप पुढच्या समेला येऊन बसतो. वाजवल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंत संगणक काही मिलिसेकंद खातो. ध्वनी हवेतून एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, तेव्हा दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साथीदार तीन-साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं. रंगमंचावर तेवढं अंतर असतंच. २०२१ सालच्या आवृत्तीपासून ही प्रणाली समोरच्या ड्रमवाल्याचे ठोके ऐकून आपली गती त्याच्याप्रमाणे वाढवू-घटवूही लागली. यंत्राला थोडं ऐकू येऊ लागलं ते इथे.

पण या प्रणालीला धरायला ठोका लागतो. आलापात ठोका नसतो, राजपार्टीच्या स्वगतात नसतो, शोभाताईंनी ‘उस्फ्रेत’मध्ये सूर लांबवला तिथेही नाही. अशा जागी संगणकावर वाजवणारे वादक गती ओळखणारी सोय बंद करतात, चक्र थांबवतात, तंबोऱ्यासारखा एखादा सूर तेवढा चालू ठेवतात आणि पुढचा तुकडा पायाच्या पेडलने स्वतः सोडतात. तो नेमका केव्हा सोडायचा, हे त्यांना गाणाऱ्याच्या श्वासावरूनच ठरवावं लागतं.